वाळवंटातले प्राणी जगतात कसे? मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की कच्छला निघालेली मंडळी विचारू लागतात, आणि एप्रिल-मे उजाडला की घामाने वैतागलेलं कोणीही. राणीच्या बागेत किंवा काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयात मुलांना प्राणी दाखवायला नेलं तर मुलांपेक्षा आई-बाबांचे प्रश्न जास्त असतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण उंटाचं दोन ओळींत आटपत नाही.

मुंबईतही जीव नकोसा होतो. मग वाळवंटातला उन्हाळा वेगळा कसा?

आपल्याकडे हवा दमट असते. घाम येतो, गळतो, शर्ट पाठीला चिकटतो, पण सुकत नाही. अंग गार होतं ते घाम सुकताना. नुसता येऊन उपयोग नसतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठाचंही तसंच. नागपूरला मे महिन्यात माठातलं पाणी घशाला लागेल इतकं गार होतं. तोच माठ दादरला जूनमध्ये नुसता ओलाकच्च राहतो.

थरच्या वाळवंटात हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतही नाही, आला तसा उडून जातो. म्हणजे अंग गार करायची सोय उत्तम, पण त्यासाठी लागणारं पाणी आणायचं कुठून? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जैसलमेरला चार वर्षांचा पाऊस मिळूनही साधारण एवढा होत नाही. त्याच राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा ठिकाणी प्रत्येक प्राण्यापुढे एकच पेच असतो: गार राहायला पाणी खर्चावं, की पाणी राखून तापावं? या पानावरची बहुतेक उत्तरं या पेचातूनच निघतात.

एवढं ऊन ते सहन करतात तरी कसं?

बहुतेक जण करतच नाहीत. भर दुपारी वाळवंटात प्राणी दिसत नाहीत ते याचमुळे. उंदीर, कोल्हे, साप, सरडे, विंचू सगळे बिळात, दगडाखाली किंवा झुडपाच्या मुळाशी असतात. दुपारी वाळूचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो, पण हात-दीड हात खाली तापमान जवळजवळ निम्म्यावर आलेलं असतं आणि दिवसरात्र फारसं हलत नाही. शिवाय बिळातली हवा प्राण्याच्या श्वासाने थोडी ओलसर होते, त्यामुळे श्वासावाटे जाणारं पाणीही कमी होतं.

‘काटक’, ‘चिवट’, ‘झुंजार’ अशी विशेषणं प्राण्यांवरच्या कार्यक्रमांत फार ऐकू येतात. मला ती पटत नाहीत. वाळवंटातला यशस्वी प्राणी उन्हाशी झुंजत नाही, तो ऊन चुकवतो. ज्यांना चुकवता येत नाही त्यांची कथा पुढे आहे.

मुंग्यांचे पाय भाजत नाहीत का? (विचारणारी दुसरीतली होती)

भाजतील, म्हणून त्या पळतात. सहारातल्या चंदेरी मुंग्या मात्र उलट्या डोक्याच्या. त्या भर दुपारीच बाहेर पडतात, कारण त्यांना खाणारे सरडे तेव्हा उन्हाला भिऊन आत गेलेले असतात. उन्हाने मेलेले किडे गोळा करायचे आणि काही मिनिटांत वारुळात परत. त्यांचं शरीर ५३ अंशांच्या आसपास टिकाव धरतं. त्यापुढे खेळ संपला. पाय लांब असल्याने अंग वाळूपासून थोडं वर राहतं. अंगावरचे केस त्रिकोणी आडव्या छेदाचे असतात. ते ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही मदत करतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. घरी परतताना रस्ता चुकणं म्हणजे मरण. म्हणून सहारातल्या या मुंग्या आणि त्यांची भावकी आकाशातल्या प्रकाशाची दिशा वाचतात. त्यांच्यातल्या एका जातीत पावलंही मोजली जातात, हे संशोधकांनी मुंग्यांच्या पायांना काड्या जोडून, त्यांची टांग लांब करून तपासलं होतं. त्या मुंग्या घर ओलांडून पुढे गेल्या.

उंटाच्या मदारीत पाणी असतं ना?

नाही. चरबी असते.

पुढचा प्रश्न ठरलेला: चरबी जळली की पाणी होतंच ना? होतं. एक किलो चरबीपासून किलोभराहून किंचित जास्त पाणी तयार होतं. पण ती जाळायला प्राणवायू हवा, त्यासाठी कोरडी हवा छातीत घ्यायला हवी, आणि बाहेर टाकलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर ओल जाते. जमाखर्च मांडला तर हातात काही उरत नाही. मदार म्हणजे शिधा. सगळी चरबी एका जागी ठेवल्याचा फायदा एवढाच की बाकी अंगाभोवती चरबीचं पांघरूण राहत नाही आणि तिथून उष्णता बाहेर पडू शकते.

मग उंट पाण्यावाचून इतके दिवस काढतो कसा?

इथे जरा बैजवार बसावं लागेल. उंटाबद्दल आज जे नीट माहीत आहे त्यातलं बरंचसं क्नूट श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अल्जीरियातल्या बेनी अब्बास या मरूद्यानात केलेल्या प्रयोगांतून आलं आहे.

पहिली गोष्ट तापाची. आपलं तापमान दोन अंश चढलं की आपण अंथरूण धरतो. तहानलेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ च्या जवळ आणि संध्याकाळी ४१ च्या जवळ असू शकतं, तेही रोज. दिवसभर तो घाम न गाळता उष्णता अंगात साठू देतो आणि रात्री गार हवेत ती फुकटात सोडून देतो. मोठ्या उंटाचं एका दिवसात यामुळे जवळपास पाच लिटर पाणी वाचतं. गंमत म्हणजे पाणी भरपूर मिळत असलेला उंट असं करत नाही. त्याचं तापमान दोन-तीन अंशांपलीकडे हलत नाही. म्हणजे ही काटकसर गरजेपुरती आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. उन्हात माणसाच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी गेलं तर रक्त दाट होतं, हृदयाला ते फिरवणं जमत नाही, आतली उष्णता त्वचेपर्यंत पोचत नाही आणि ताप एकाएकी भडकून मरण ओढवतं. उंट वजनाच्या पंचवीस टक्के पाणी गमावूनही चालत राहतो, कारण त्याचं पाणी जास्त करून पेशींमधून आणि त्यांच्या आसपासच्या जागेतून जातं, रक्तातून कमी. त्याच्या तांबड्या पेशी आपल्यासारख्या गोल नसून लांबट असतात आणि फुगून दुपटीहून मोठ्या झाल्या तरी फुटत नाहीत. म्हणूनच दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी प्यालं तरी त्याला काही होत नाही. माणूस तसं करायला गेला तर रक्त पातळ होऊन दगावेल.

बाकीच्या बचती छोट्या वाटतात, पण चिल्लर साठतेच. बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल नाकातल्या वळणावळणाच्या पडद्यांवर परत धरली जाते. लघवी थोडी आणि दाट. लेंड्या इतक्या कोरड्या की ताज्याही जाळता येतात. आणि लोकर! मुलांना हमखास चुकीचं वाटतं की केस काढले तर उंटाला बरं वाटेल. बेनी अब्बासला लोकर कापलेल्या उंटाला न कापलेल्यापेक्षा सुमारे दीडपट पाणी घामावाटे घालवावं लागलं. उन्हात लोकर छत्रीचं काम करते.

किती दिवस, याला एक आकडा नाही. थंडीत हिरवा पाला मिळत असेल तर उंट कित्येक आठवडे पाण्याकडे बघत नाही. मे महिन्यात ओझं घेऊन चालणाऱ्याला काही दिवसांतच पाणी लागतं.

मग जुहू चौपाटीवरच्या उंटाची तर मजाच असेल?

समुद्रकिनारा उंटाला परका नाही. कच्छमधले खाराई उंट भरतीच्या पाण्यातून पोहत खाजणात जाऊन तिवरं खातात. २०१५ साली त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. पण मुंबईच्या दमट हवेत उंटाची अर्धी हुशारी वाया जाते. रात्री हवा पुरेशी गार होत नाही, म्हणून दिवसाची उष्णता सोडायला वाव कमी. पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढल्या की सर्रा नावाचा रोग पसरतो, आणि उंटांना तो फार जाचतो. शिवाय सिमेंटवर बसून गुडघे सोलवटतात. फोटो काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी पोरांना त्या सवारीवर बसवत नाही.

अजिबात पाणी न पिणारा प्राणी असतो का?

असतो. अमेरिकेतल्या वाळवंटातला कांगारू उंदीर कोरड्या बियांवर जन्म काढू शकतो. आपल्या थरमधला वाळवंटी उंदीर, म्हणजे जरबिलही, त्याच पठडीतला. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी वाळवंटातल्या उंदरांचा आयुष्यभर अभ्यास केला.

शंभर ग्रॅम पिठूळ दाणा शरीरात जळला की पन्नास ग्रॅमहून थोडं जास्त पाणी तयार होतं. हे पाणी सगळ्यांच्याच शरीरात तयार होतं, तुमच्या-माझ्याही. फरक खर्चात आहे. कांगारू उंदराला घाम येत नाही, तो दिवसा बिळात असतो, नाकात ओल परत धरतो, आणि त्याची मूत्रपिंडं आपल्यापेक्षा चार-पाचपट दाट लघवी तयार करू शकतात. म्हणून एवढ्याशा मिळकतीत त्याचं भागतं. सोयाबीनसारखं प्रथिनांनी भरलेलं खाणं दिलं तर मात्र त्याचीही पंचाईत होते, कारण प्रथिनांतून तयार होणारा युरिया बाहेर काढायला जास्त पाणी जातं.

मोठ्या प्राण्यांना बीळ कुठलं? चिंकारा, रानगाढव काय करतात?

सावली धरून बसतात. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री चरतात. रात्री चरण्यात आणखी एक फायदा आहे: वाळलेलं पान रात्रीच्या हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे दुपारी कुरकुरीत असलेला पाला पहाटे खाल्ला तर त्यातून पाणीही मिळतं. चिंकारा पाणवठ्यावाचून बराच काळ राहू शकतो तो यामुळेच. अरबस्तानातला ओरिक्स नावाचा पांढरा, हरणासारखा प्राणी उंटासारखाच दिवसा ताप चढू देतो.

हरणांच्या, मेंढ्यांच्या डोक्यात रक्तवाहिन्यांची एक बारीक जाळी असते. नाकाकडून येणाऱ्या गार रक्ताशेजारून मेंदूकडे जाणारं गरम रक्त जातं आणि वाटेत निवतं. मेंदू तापू नये म्हणून ही सोय, असं पूर्वी सर्रास सांगत. आता बरेच अभ्यासक म्हणतात की खरा फायदा पाण्याचा असावा: मेंदूला गार वाटलं की शरीर घाम आणि धाप आवरतं घेतं.

रानगाढवं कच्छच्या छोट्या रणात आहेत. ते वाळूचं वाळवंट नव्हे. ती खारट, सपाट जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि मग उंचवट्याच्या बेटांवर गवत उगवतं. १९६०च्या दशकात रोगांच्या साथींनी, त्यात सर्राही होता, त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. २०२४ च्या गणनेत ती ७,६७२ भरली.

कोल्ह्याचे कान एवढे मोठे कशाला?

सहारातल्या फेनेक कोल्ह्याबद्दल विचारताय. कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून उष्णता बाहेर जाते. वाळूखाली किडा हलला तरी ऐकू येतं, हा दुसरा उपयोग. पण हवा अंगापेक्षा तापली की कान उलट उष्णता आत घेतील, म्हणून दुपारी हा पठ्ठ्याही बिळातच.

पक्षी तर उघड्यावरच असतात. त्यांचं काय?

पक्ष्यांना दोन गोष्टी जन्मजात मिळाल्या आहेत. त्यांचं तापमान मुळातच चाळीस अंशांच्या वर असतं, त्यामुळे हवा आपल्याला असह्य झाली तरी त्यांच्यापेक्षा किंचित गार असू शकते. आणि त्यांची लघवी म्हणजे ती पांढरी पेस्ट, गाडीच्या काचेवर कबुतर ठेवून जातं ती. तिच्यात पाणी फार थोडं जातं. घाम त्यांना येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतात. आपल्या खिडकीतला कावळाही मे महिन्यात हेच करतो.

माझा आवडता पक्षी पखुर्डी. ती सुक्या बिया खाते, त्यामुळे तिला पाणी लागतंच, आणि पाणवठा असतो कोसांवर. पिल्लं तर उडू शकत नाहीत. मग नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो. ती पिसं खास असतात, त्यांचे तंतू ओले झाले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. नर तसाच उडत येतो आणि पिल्लं त्याच्या पोटाला चोची लावून पाणी पितात. १८९६ साली एका इंग्रज पक्षीपालकाने हे लिहिलं तेव्हा पुष्कळांना ती थाप वाटली. १९६७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीवर नीट अभ्यास झाला तेव्हा कुठे पटलं. नर एका खेपेला पंचवीस मिलिलिटरच्या आसपास पाणी आणतो.

धुक्यातून पाणी पिणारा किडा खरा आहे का?

खरा आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नामिब वाळवंटात पाऊस नावाला, पण थंड समुद्री प्रवाहामुळे पहाटे धुकं येतं. तिथला एक काळा भुंगेरा टेकाडाच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळत तोंडात येतात. ऑस्ट्रेलियातल्या काटेरी सरड्याच्या त्वचेत खवल्यांमधून बारीक पन्हळी असतात. तो ओल्या वाळूत नुसता उभा राहिला तरी पाणी आपोआप चढत तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत येतं.

राणीच्या बागेत वाळवंटातला एखादा प्राणी आहे का?

आहे, आणि त्याच्याच काचेसमोर सगळ्यात जास्त गर्दी असते: पेंग्विन.

आपल्याकडचे हम्बोल्ट जातीचे आहेत. ही जात बर्फावरची नव्हे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तो किनारा म्हणजे जगातल्या सगळ्यात कोरड्या प्रदेशांपैकी एक. चिलीतल्या आरिका शहरात वर्षाला सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नामिबसारखंच इथेही कारण थंड समुद्री प्रवाह. हवा समुद्रालगत गार राहते, वर चढत नाही, ढग बरसत नाहीत, आणि त्याच थंड पाण्यात मासळी मुबलक. पेंग्विन पोट भरतो समुद्रात, पण अंडी घालतो त्या रखरखीत किनाऱ्यावर. ऊन चुकवायला तो पक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या थरात बीळ खणतो. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खणून नेले तेव्हा त्याची घरंच गेली. त्याच्या चोचीभोवतीची गुलाबी त्वचा उघडी असते, तिथून उष्णता बाहेर पडते. समुद्राचं खारं पाणी पोटात गेलं तर जास्तीचं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी नाकावाटे टाकून देतात.

मग इथे एसी का? कारण त्याच्या किनाऱ्यावर थंड समुद्र आहे आणि आपल्या किनाऱ्यावर नाही. कक्षात सोळा ते अठरा अंश राखतात ते त्यासाठी.

साप आणि बेडूक?

फुरसं कोकणातही आहे आणि थरमध्येही. तापलेल्या, घसरत्या वाळूवर ते तिरकं, वेटोळं फेकत सरकतं, त्यामुळे अंगाचा थोडाच भाग एका वेळी वाळूला टेकतो. बेडकांची त्वचा पाणी गळू देते, म्हणून त्यांनी वेगळाच मार्ग काढला: ऑस्ट्रेलियातला पाणसाठ्या बेडूक मूत्राशयात पाणी भरून जमिनीत उतरतो, अंगाभोवती कातडीचं कवच करतो आणि पुढच्या मोठ्या पावसापर्यंत झोपतो. ती झोप काही वर्षांचीही असू शकते.

फुटपाथवर सांड्याचं तेल विकतात, ते खरंच गुणकारी आहे का?

नाही. सांडा हा थर आणि कच्छमधला शाकाहारी, काटेरी शेपटीचा सरडा. त्या शेपटीत चरबी साठवतो, बिळाचं तोंड आतून मातीने बंद करून बसतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची पाठ मोडून, जिवंतपणीच चरबी कढवून ‘मर्दानगीचं तेल’ म्हणून विकतात. त्यात औषधी असं काही नाही; कुठल्याही चरबीत असतं तेच असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांड्याला पकडणं, मारणं, विकणं सगळं गुन्हा आहे. स्टेशनबाहेर कोणी विकताना दिसलं तर वनविभागाला कळवा. जमल्यास जागा आणि वेळ नेमकी सांगा, नाहीतर विक्रेता तोवर गाशा गुंडाळून गेलेला असतो.

तापमान वाढतंय. यांना सवय आहे, मग यांना काय फरक पडणार?

पडतो. कारण बरेचसे आधीच टोकावर उभे आहेत. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात शंभर वर्षांपूर्वी ज्या जागांवर पक्ष्यांची पाहणी झाली होती तिथे पुन्हा जाऊन मोजलं, तर २०१८ च्या अहवालानुसार दर जागेमागे सरासरी ४३ टक्के जाती नाहीशा झाल्या होत्या. ज्यांना गार राहायला जास्त पाणी खर्चावं लागतं ते आधी गेले. त्याच वाळवंटात छोट्या सस्तन प्राण्यांची, म्हणजे मुख्यतः बिळात राहणाऱ्यांची, स्थिती मात्र बरीचशी टिकून होती. बीळ असलेले आणि नसलेले यांच्यातला फरक इतका स्वच्छ क्वचित दिसतो.

मुंबईहून जवळ काय बघता येईल?

छोटं रण बघायचं तर ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. तेवढी सुट्टी नसेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य गाठा. जागा लहान, पण चिंकारा हमखास, आणि नशीब असेल तर पखुर्ड्या. ते वाळवंट नाही, कमी पावसाचा माळ आहे. तरी वर लिहिलेल्या निम्म्या गोष्टी तिथे डोळ्यांनी दिसतात. आदल्या रात्री निघून उजाडता पोचा. ऊन चढल्यावर चिंकारे सावलीला बसले की तपकिरी मातीत शोधून सापडत नाहीत. प्यायचं पाणी घरून न्या आणि पाणवठ्याला लागून गाडी उभी करू नका. पखुर्ड्या सकाळी ठरल्या वेळी पाण्यावर उतरतात. माणूस दिसला तर न पिताच वळतात.